लुका मायत्सेन : मुक्काम पोस्ट गोवा, केरळ, पंजाब, बंगाल

डावखुरा

२६ नोव्हेंबर २०२४चा अंधेरीचा फुटबॉल सामना. मुंबई सिटी विरुद्ध पंजाब. मामेभाऊ मुंबई सिटीचा कट्टर, तिकीट त्याचंच, त्यामुळे मी गुपचूप निळ्यांच्या गर्दीत बसलो होतो. मुंबई घरच्या मैदानावर ३-० अशी हरली. भावाने परतीच्या लोकलमध्ये अंधेरी ते दादर एक अक्षर काढलं नाही.

तीनपैकी एक गोल पंजाबच्या लुका मायत्सेनचा. पण माझ्या डोक्यात राहिलंय ते गोल नसतानाचं. आमची जागा गोलपोस्टच्या तिरकी मागे होती, त्यामुळे टीव्हीवर जे कधीच दिसत नाही ते दिसत होतं. चेंडू पार तिकडे मैदानाच्या मध्यावर, सगळ्यांच्या माना तिकडे, आणि हा बाबा बचावपटूच्या पाठीमागे चालतोय. पळत नाही, चालतोय. दर दोन-तीन पावलांनी मान वळवून पाहतो, कोण कुठे आहे. बचावपटूने वळून पाहिलं की हा थांबतो. त्याची नजर चेंडूकडे गेली की हा अर्धं पाऊल सरकतो. लहानपणी आम्ही 'स्टॅच्यू' खेळायचो तसं. पंधरा-वीस मिनिटं मी चेंडू सोडून फक्त यालाच बघत होतो. माझ्या मागे एक जण प्रत्येक वेळी "ए मॅजिकसेन!" म्हणून ओरडायचा. आधी टर उडवत होता, नंतर नंतर आवाजात काळजी यायला लागली.

घरी येऊन शोधाशोध केली. जन्म २५ जुलै १९८९, देश स्लोव्हेनिया. म्हणजे त्या दिवशी वय पस्तीस पूर्ण. तिशी ओलांडेपर्यंत मायदेशातल्या लीगमध्ये खेळला. राष्ट्रीय संघात कधी वर्णी लागली नाही. असा माणूस २०२० साली, कोविडच्या ऐन धामधुमीत, गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडून खेळायला भारतात आला. अशा खेळाडूंचं पुढे काय होतं हे आपण पाहिलंय : एक मोसम, दोन-चार गोल, विमानतळावरचा सेल्फी, टाटा.

याचं तसं झालं नाही. २०२०-२१च्या आय-लीगमध्ये चर्चिलकडून ११ गोल, संघ दुसरा. पुढच्या वर्षी गोकुळम केरळ, संघ विजेता. त्याच्या पुढच्या वर्षी राउंडग्लास पंजाबचा कर्णधार, १६ गोल, स्पर्धेत सर्वाधिक, संघ पुन्हा विजेता. लागोपाठ दोन वर्षं, दोन वेगळ्या संघांकडून आय-लीग. आणि त्या दुसऱ्या विजेतेपदामुळे पंजाबचा संघ आयएसएलमध्ये, म्हणजे देशातल्या वरच्या लीगमध्ये गेला. मैदानावर जिंकून वरच्या लीगमध्ये गेलेला तो पहिला संघ. तोवर आयएसएलमध्ये शिरायचा रस्ता चेकबुकातून जात होता.

मला स्वतःला सगळ्यात आवडलेला सामना मात्र यातला नाही. १८ मे २०२२, एएफसी कप (आशियातल्या क्लबांची स्पर्धा), कोलकात्याचं सॉल्ट लेक. समोर मोहन बागान, म्हणजे तेव्हाचं एटीके मोहन बागान, त्यांच्या घरी, त्यांच्या गर्दीसमोर. गोकुळम हा 'खालच्या' लीगचा संघ. चारच दिवसांपूर्वी त्याच मैदानावर मोहमेडन स्पोर्टिंगला २-१ हरवून त्यांनी आय-लीग जिंकलेली, पाय अजून दमलेलेच. निकाल गोकुळम ४, बागान २. लुकाचे दोन, पहिला उत्तरार्धाच्या पाचव्या मिनिटाला. आय-लीगवाल्यांना नाकं मुरडणाऱ्यांनी हा सामना पुन्हा बघावा. पुढे मालदीवच्या माझिया आणि बांगलादेशच्या बसुंधरा किंग्जकडून हरून गोकुळम बाहेर पडले तो भाग वेगळा.

तर हा धागा लुकासाठी. कोणी त्याला प्रत्यक्ष खेळताना पाहिलं असेल तर लिहा.

---

साष्टीकर

बरं केलंत धागा काढला. आमचा लुका म्हणतात त्याला आमच्याकडे, अजूनही.

पण एक गंमत तुमच्या लेखात राहिली. हा गोव्याच्या संघाकडून खेळला, आणि त्या लीगमधला एकही सामना गोव्यात खेळला नाही! कोविडमुळे अकराही संघांना बंगालमध्ये बबलमध्ये कोंडलं होतं, सगळे सामने कोलकाता आणि कल्याणीला. आम्ही चर्चिलवाले त्याला फक्त मोबाईलवर पाहत होतो. वास्कोच्या टिळक मैदानावर लाल जर्सीत तो कसा दिसला असता ते मनातच चितारायचं.

शेवटचा दिवस, २७ मार्च २०२१. दोन सामने एकाच वेळी. आमचा पंजाबशी, तिकडे गोकुळमचा मणिपूरच्या ट्राऊशी. तिन्ही संघ विजेतेपदाच्या शर्यतीत. ट्राऊने गोकुळमवर आघाडी घेतली, सत्तराव्या मिनिटापर्यंत टिकवली. आमच्या नाक्यावरच्या बारमध्ये एका मोबाईलवर हा सामना, दुसऱ्यावर तो. ट्राऊ पुढे आहे म्हटल्यावर मालकाने एक राउंड स्वतःच्या खिशातून दिला. आणि मग गोकुळमने गोलांची रांग लावली, सत्तर, चौऱ्याहत्तर, सत्त्याहत्तर, आणि अगदी शेवटी एक. ४-१. आम्ही आमचा सामना ३-२ जिंकलो. गुण २९-२९. आपसातल्या सामन्यांत त्यांचं पारडं जड म्हणून कप त्यांचा. मालकाने त्या राउंडचे पैसे दुसऱ्या दिवशी मागितले, सांगून ठेवतो.

लुका आणि होंडुरासचा क्लेविन झुनिगा, ही जोडी तेव्हा बघायला हवी होती. एक चेंडू अंगावर घेऊन थांबवायचा, दुसरा मागून सुटायचा. पण खरं सांगू? ओडाफाची सर नाही. ओडाफा ओकोली चर्चिलचा असताना लागोपाठ तीन मोसम आय-लीगचा टॉप स्कोअरर होता. तो गोलसमोर आला की गोलरक्षक आधीच जाळ्याकडे बघायचा.

---

चष्मेबहाद्दर

फुटबॉलमधलं कळत नाही, आडनावावरून आलो.

मॅजसेन नाही, मॅजिकसेन तर नाहीच. स्लोव्हेनियन भाषेत जे अक्षर आपण 'ज' वाचतो त्याचा उच्चार 'य'. आणि जे आपण 'क' किंवा 'स' वाचतो तो त्यांच्याकडे दंत्य 'च'. म्हणजे चुलीतला च, चिंचेतला नव्हे. चिंचेतल्या च-साठी ते त्याच अक्षरावर छोटी टोपी घालतात. इंग्रजीत पहिला च जवळपास नाहीच, म्हणून समालोचकांची पंचाईत होते. आपल्याला काय अडचण आहे? 'चूल' म्हणताना जो 'च' येतो तो घ्या, त्याला मात्रा द्या : माय-चेन. इतकं सोपं. धागाकर्त्याने मायत्सेन लिहिलंय तेही चालेल, पण मराठी माणसाने त्स-त्स करायची गरज नाही.

अवांतर : या भाषेत द्विवचन अजून जिवंत आहे. संस्कृतातलं आपण सोडून दिलं, त्यांनी ठेवलं. दोन स्ट्रायकरांनी गोल केला तर क्रियापद वेगळं, तिघांनी केला तर वेगळं. साष्टीकरांच्या लुका-झुनिगा जोडीला योग्य व्याकरण तिथेच मिळेल.

---

साष्टीकर

@चष्मेबहाद्दर, हे भारी होतं. उद्या बारमध्ये सांगतो.

---

रोखठोक

पाहुण्याचं कौतुक चाललंय, चालू द्या. पण मी जरा मीठ टाकतो.

वर आलेल्या त्याच २०२०-२१च्या मोसमाकडे परत बघा. लुकाचे गोल ११. सर्वाधिक कोणाचे? ट्राऊच्या बिद्यासागर सिंगचे, १२. साष्टीकर ज्या शेवटच्या दिवसाबद्दल सांगतायत, त्यात ट्राऊला आघाडी देणारा गोल त्याचाच. मणिपूरचा पोरगा, वय तेवीस. विदेशी स्ट्रायकरांच्या गर्दीत भारतीय मुलाने गोल्डन बूट मिळवला, एका गोलाने लुकाला मागे टाकून.

आता दोघांचं पुढे काय झालं? बिद्यासागर आयएसएलमध्ये बेंगळुरूला गेला. फार खेळायलाच मिळालं नाही. मग उसनवारीवर केरळ ब्लास्टर्सला. तिथेही तेच. आणि एकतिशी उलटलेला लुका दर वर्षी पहिल्या अकरात, पुढे कर्णधार.

मग ओरडतो आपण, भारताच्या संघात सुनील छेत्रीनंतर कोण? छेत्रीने जून २०२४मध्ये कुवेतविरुद्ध निरोप घेतला आणि पुढच्या मार्चमध्ये चाळिशीत परत बोलवावं लागलं. का? कारण क्लबांत नऊ नंबरच्या, म्हणजे मुख्य स्ट्रायकरच्या जागेवर विदेशी माणूस बसलेला असतो. आपली पोरं विंगवर पळतात आणि क्रॉस टाकतात. लुका चांगला आहे हो. पण त्याच्या प्रत्येक मोसमामागे एक बिद्यासागर बाकावर बसलेला असतो.

---

कट्ट्यावरचा

रोखठोक +१

---

वाचनमात्र

बाळबोध प्रश्न, रागावू नका. आय-लीग आणि आयएसएल वेगळ्या कशा? मुलगा फुटबॉल बघतो, मी त्याच्या बाजूला बसून विणकाम करते, त्यातून जेवढं कळतं तेवढंच.

---

डावखुरा

@वाचनमात्र, प्रश्न अजिबात बाळबोध नाही. २०१४पासून आयएसएल वेगळी सुरू झाली, पैसा आणि टीव्ही तिकडे गेला. आय-लीग हळूहळू दुसऱ्या पायरीवर ढकलली गेली. मोहन बागान-ईस्ट बंगालसुद्धा २०२०मध्ये तिकडे गेले. खालून वर जायला दारच नव्हतं. २०२२-२३च्या आय-लीग विजेत्यासाठी ते पहिल्यांदा उघडलं आणि लुकाचा पंजाब त्यातून आत शिरला. वरून खाली यायचं दार मात्र त्यांनी बंदच ठेवलं.

आणि पंजाबचं घर म्हणाल तर आय-लीग जिंकली तेव्हा पंचकुला, म्हणजे हरियाणा. आयएसएलमध्ये दिल्लीचं नेहरू स्टेडियम. पंजाबच्या संघाला पंजाबात घर नाही. साष्टीकरांचं दुःख एकट्याचं नाही.

@रोखठोक, तुमच्या मुद्द्याला माझ्याकडे सरळ उत्तर नाही. बिद्यासागरचं उदाहरण माझ्या डोक्यात आलंच नव्हतं आणि ते बोचलं. पण लुकाला दोष देऊन काय उपयोग? त्याने कोणाची जागा हिसकावली नाही, प्रशिक्षकाने दिली. आयएसएलमध्ये मैदानावर एका वेळी चार विदेशी खेळवता येतात. चारपैकी एक स्ट्रायकर असायचाच, कारण गोल झाले नाहीत तर प्रशिक्षकाची नोकरी जाते आणि ती डिसेंबरच्या आत जाते. तेवीस वर्षांच्या मुलाला दहा सामने चुकू देण्याइतका धीर कोणत्या मालकाकडे आहे?

---

रोखठोक

धीर नाही हेच तर म्हणतोय. दोष लुकाला नाहीच दिला, वाक्य पुन्हा वाचा.

---

ग्राझवासी

ऑस्ट्रियात ग्राझला राहतो. इथून सीमा ओलांडली की मारिबोर, तासाभराच्या आत. म्हणून पलीकडची बाजू सांगतो.

स्लोव्हेनियाची लोकसंख्या २१ लाखांच्या आसपास, आपल्या नागपूरपेक्षा कमीच. त्यांच्या पहिल्या लीगमध्ये दहा संघ, प्रत्येक संघ ३६ सामने खेळतो, म्हणजे प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी चार-चार वेळा गाठ. वर्षभर तेच चेहरे, तीच मैदानं, बहुतेक ठिकाणी प्रेक्षक जेमतेम. बचावपटू तुम्हाला पाठ झालेला असतो आणि तुम्ही त्याला. डावखुरा यांनी ते 'स्टॅच्यू'चं लिहिलंय ना, मान वळवून बघत चालणं, ते मला अशा लीगमध्ये शिकलेलं वाटतं. जिथे वेगाने कोणी फसत नाही, तिथे वेळ साधावी लागते.

बरं, देशात फुटबॉलपटूला मान केवढा? बास्केटबॉलमध्ये डॉन्चिच, सायकलमध्ये पोगाचार, हिवाळा आला की स्की जंपिंग. त्यानंतर फुटबॉल. त्यातही झ्लात्को झाहोविच हे नाव देवासारखं, देशाकडून ३५ गोल, अजून विक्रम त्याचाच. नंतर नोवाकोविच, ३२. आता शेश्को, जो २०२५च्या उन्हाळ्यात मँचेस्टर युनायटेडला गेला. युरो २०२४मध्ये साखळीत तिन्ही सामने बरोबरीत सोडवून हा देश बाद फेरीत गेला, पोर्तुगालशी १२० मिनिटं ०-०, मग पेनल्टीवर हरला. गोलरक्षक ओब्लाकने रोनाल्डोची पेनल्टी अडवली ते सगळ्यांना आठवत असेल. त्या रात्री मी मारिबोरला होतो. रस्त्यावर लोक हरूनसुद्धा नाचत होते.

पण या नावांच्या खाली जे शंभर-दीडशे व्यावसायिक खेळाडू असतात त्यांचं काय? देशातल्या देशात क्लब बदलत राहायचं, जमलं तर बाहेर. लुकाच्या आधी मातेय पोप्लात्निक होता, क्रानच्या ट्रिग्लाव्ह संघातला. ट्रिग्लाव्ह म्हणजे त्यांचा सर्वांत उंच डोंगर, झेंड्यावर आहे तो. हा मातेय २०१८मध्ये केरळ ब्लास्टर्सला आला. कोलकात्यात पहिल्याच सामन्यात एटीकेविरुद्ध गोल. मोसम संपला, तोही गेला, पुढे स्कॉटलंडमध्ये खेळला. लुका थांबला, फरक एवढाच. रोखठोक यांच्या भाषेत तो आपल्याकडचा 'पाहुणा' असेल, पण जो पाच वर्षं राहतो त्याला आमच्या कोकणात पाहुणा म्हणत नाहीत, त्याला पाणी भरायला लावतात.

---

दंतकथा

@ग्राझवासी, शेवटचं वाक्य :D

मी दातांची डॉक्टर, जबड्याच्या शस्त्रक्रिया हे रोजचं काम, आणि लुकाशी ओळख त्याच रस्त्याने झाली. १५ सप्टेंबर २०२४, कोचीला केरळ ब्लास्टर्स विरुद्ध पंजाब. तिरुओणमचा दिवस. हा बदली खेळाडू म्हणून आला. ८६व्या मिनिटाला पेनल्टीवर गोल. भरपाई वेळेत केरळची बरोबरी, आणि मग म्रझल्याकचा गोल, पंजाब २-१. त्याच झटापटीच्या शेवटात याला तोंडावर मार बसला. बातमी आली : जबडा दोन ठिकाणी मोडला, सहा ते आठ आठवडे बाहेर.

'दोन ठिकाणी' वाचून लोक हळहळले, आम्हाला त्यात नवल नसतं. खालचा जबडा घोड्याच्या नालेसारखा असतो आणि दोन्ही टोकं कानापाशी अडकवलेली. एका बाजूला फटका बसला की जोर फिरून दुसऱ्या बाजूलाही तडा जातो. बांगडी एकाच जागी मोडून बघा, जमत नाही, तसंच. अशा पेशंटना साधारणपणे टायटॅनियमच्या छोट्या पट्ट्या आणि स्क्रू बसवतात, काही वेळा वरचे-खालचे दात तारेने बांधून ठेवतात. चार-सहा आठवडे चावायचं काहीही नाही. पेज, सूप, मिक्सरमधून काढलेली खिचडी. माझे तगडे तगडे पेशंट तिसऱ्या आठवड्यात भाकरीच्या वासाने रडवेले होतात. वजन उतरतं, आणि स्ट्रायकरचं अर्धं भांडवल तर अंगातच.

त्यामुळे डावखुरा, तुम्ही २६ नोव्हेंबरला अंधेरीला जो माणूस पाहिलात, तो दहा आठवड्यांपूर्वी जबडा मोडून घेतलेला होता. तो हेडरला जात होता का? मला खरंच जाणून घ्यायचंय. हाड दहा आठवड्यांत भरतं. मन भरायला वेळ लागतो. बरेच जण महिनोन् महिने कोपर दिसलं की मान मागे घेतात.

---

डावखुरा

@दंतकथा, हे मला माहीत असतं तर मी वेगळं बघितलं असतं. जात होता. एका कॉर्नरला तर दोघांच्या मधे घुसला. उडी मारायच्या आधी डावा हात समोरच्याच्या छातीशी आडवा ठेवलेला, ढकलत नव्हता, नुसता ठेवलेला. मला वाटलं जागा अडवतोय. आता वाटतंय तोंड सांभाळत असेल.

---

रोखठोक

बरं, जबडा मोडून परत येणाऱ्याला मी काही बोलत नाही. पण आयएसएलमध्ये त्याने नेमकं काय केलं ते सांगा. आय-लीगचे आकडे पाठ झाले.

---

साष्टीकर

मी सांगतो. पहिला आयएसएल मोसम २०२३-२४, पंजाबची सुरुवात भयाण. आमच्या फातोर्ड्यालाही २ ऑक्टोबरला १-० हरून गेले. पहिला विजय मिळायला डिसेंबर उजाडला. शेवटी आठवे आले, लुकाचे ८ गोल. कोलंबियाच्या विल्मार जॉर्डनचेही तितकेच. आणि मागून चेंडू पुरवणारा फ्रेंच मादिह तलाल, तो त्या संघाचा खरा मेंदू. वयाच्या चौतिसाव्या वर्षी वरच्या लीगमध्ये पहिल्यांदा उतरून ८ गोल, हे वाईट म्हणायचं का? मी नाही म्हणणार.

---

रोखठोक

वाईट नाही. मान्य.

---

कट्ट्यावरचा

रोखठोक यांनी 'मान्य' लिहिलं. स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

---

वाचनमात्र

मुलाला धागा वाचून दाखवला. तो म्हणतो ड्युरंड कपची फायनल राहिली, त्याबद्दल कोणीच लिहिलं नाही. डायमंड हार्बर म्हणजे लुकाचाच संघ ना?

---

डावखुरा

मुलगा हुशार आहे. मुद्दाम टाळत होतो.

हो, पंजाबनंतर २०२५मध्ये तो बंगालच्या डायमंड हार्बरकडे गेला. नवा क्लब, प्रशिक्षक किबू विकुन्या. पहिल्याच ड्युरंडमध्ये उपांत्य फेरीत ईस्ट बंगालला २-१ हरवून फायनलला. २३ ऑगस्ट, पुन्हा सॉल्ट लेक. जिथे तो भारतात आल्या आल्या बबलमध्ये खेळला, जिथे आय-लीग जिंकला, जिथे बागानला दोन गोल ठोकले, तेच मैदान. समोर नॉर्थईस्ट युनायटेड.

६-१ हरले.

मी पुण्यात घरी बघत होतो. पन्नासाव्या मिनिटाला ३-० झाल्यावर बायको म्हणाली बंद कर आता, पानं घेतली आहेत. आवाज बंद केला, टीव्ही चालू ठेवला. ६८व्या मिनिटाला गोल झाला, ३-१. मी ताटावरून उठून आवाज पुन्हा वाढवला. गोल लुकाचा होता. छत्तीस वर्षांचा झाला होता आदल्याच महिन्यात.

---

रोखठोक

आणि मग त्यांनी आणखी तीन खाल्ले.

---

डावखुरा

हो. वरण गार झालं ते वेगळंच.